एकाच खात्यातले दोघे

मीटरवाल्याचे पाय हल्ली सोमवारपासूनच कुरकुरायला लागायचे. पूर्वी गुरुवारपर्यंत तरी दम धरायचे. एकोणतीस वर्षं त्याने लोकांच्या जिन्याखाली, न्हाणीघरांमागे, फरशीतली झाकणं उचलून पाण्याचे मीटर वाचले होते. दिवसाला एकशे चाळीस. आकडा वाचायचा, हातातल्या यंत्रात घालायचा, झाकण लावायचं, पुढचं घर. दुपारी तीनला घरी आला की बूट काढून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचा. समोर टेबलावर लॅपटॉप असायचा. बायको होती तेव्हाही तो तिथेच असायचा, फक्त तेव्हा उघडा असायचा.

बायकोला जाऊन साडेचार महिने झाले होते.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता एक स्पर्धा होती. दोघं ज्या साइटवर पोकर खेळायची, तिची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा. आठशे जण खेळणार होते आणि त्यातली एक जागा बायकोने अकरा महिन्यांपूर्वी एका छोट्या खेळात जिंकून ठेवली होती, तीही एका बाजूला कांदा चिरता चिरता. त्या दिवशी तो घरी आला तर ती सुरी हातात घेऊन दारातच उभी. "अहो, जागा मिळाली! आठशे जणांत आपण!" त्याने आधी सुरी काढून घेतली आणि मग आनंद केला.

ती जागा विकता येत नव्हती, दुसऱ्याला देता येत नव्हती. खातं मीटरवाल्याच्या नावावर होतं म्हणून जागा अजून शाबूत होती.

त्याला जिंकायचं नव्हतं. आपली उडी कुठवर जाते हे त्याला ठाऊक होतं. तिने मिळवलेली जागा आपण पहिल्या अर्ध्या तासात मातीत घालू नये, एवढंच त्याला हवं होतं. तिचे कपडे भाचीने नेले होते. औषधं दुकानदाराने परत घेतली नाहीत, ती फेकून दिली होती. तिचं म्हणून आता फक्त ही जागा उरली होती, आणि अर्ध्या तासात हरण्यात तर त्याचा हातखंडा होता.

म्हणून त्याने गणित्याला बोलावलं. गणित्या हा बायकोचा धाकटा भाऊ, बस आगारात वेळापत्रकं बनवणारा. कुठली बस कुठे किती मिनिटं रेंगाळते हे तो जांभई देत सांगायचा. पोकरचा एकही डाव तो आयुष्यात पैसे लावून खेळला नव्हता, पण त्यावर वाचलं मात्र बरंच होतं. उंटावरून शेळ्या हाकायला अशी माणसं चांगली. त्याने साइटवरून जुने सगळे डाव उतरवून घेतले आणि एका प्रोग्रॅममध्ये घातले. किती डावांत पैसे घालून उतरलो, किती वेळा पत्ते टाकून दिले, शेवटपर्यंत गेल्यावर कितीदा जिंकलो, सगळ्याचे रकाने पडद्यावर आले.

"भाऊजी, तुमचा खेळ तर पुस्तकातल्यासारखा आहे," मंगळवारी गणित्या म्हणाला.

"मग मी हरतो कसा?"

"तेच तर. शंभर डावांत तुम्ही बावीस वेळा उतरता, बाकीचे पत्ते बघून टाकून देता. वीस-पंचवीसच्या मध्ये असावं म्हणतात. तब्येत ठणठणीत."

"ठणठणीत माणूस रोज दवाखान्यात जात नाही रे."

"नशीब म्हणायचं."

"नशिबाला कशाला मध्ये ओढतोस? ते बिचारं महिनाभर माझ्याकडे फिरकलेलंसुद्धा नाही." मीटरवाल्याने एक पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. "या महिन्यात मी पुन्हा खेळायला लागलो, तेवढेच डाव बघ की."

"ते दोनशे ऐंशी आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते ती भाताची, पत्त्यांची नाही. इथे हजारांनी डाव लागतात. हे तेरा हजार आहेत म्हणून काहीतरी बोलता तरी येतं."

"आणि बोलणं काय, तर मी ठणठणीत."

"हो," गणित्या म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

बुधवारी मीटरवाला एका दुमजली घरापाशी गेला. खाली शिंप्याचं दुकान होतं आणि वर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहायच्या. दोघांना मिळून मीटर एकच. त्याने झाकण उचललं की दोघंही हजर व्हायची, जणू तो पंचायत भरवायलाच आलाय.

"लिहा, लिहा," शिंपी म्हणाला. "आणि वरच्यांना विचारा, दिवसातून किती आंघोळी करता म्हणून. माझ्या डोक्यावरून नदी वाहते."

"याच्याकडे लक्ष देऊ नका हो," बाई जिन्यावरून म्हणाल्या. "याची इस्त्री पाणी पिते का हत्ती, काही कळत नाही. नळ कधी बंद म्हणून नसतो."

"साहेब, तुम्हीच सांगा, जास्त कोण वापरतं?"

"एका मीटरवर दोन घरं असली की मला कुणाचंच काही कळत नाही," मीटरवाला नेहमीसारखं म्हणाला. "आकडा दोघांचा मिळून बरोबर येतोय. म्हणजे एक जण जास्त वापरत असेल आणि एक कमी. कोण ते तुमचं तुम्ही..."

तो थांबला. झाकण हातातच राहिलं.

"काय झालं? गळतंय का?" शिंप्याने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. झाकण लावून तो कोपऱ्यावर गेला आणि तिथूनच त्याने गणित्याला फोन लावला.

"अरे, त्या खात्यावर मी एकटा कुठे खेळत होतो?"

गणित्या म्हणाला, "अरे देवा. ताई."

एका खात्यावर एकानेच खेळायचं असा साइटचा नियम होता, पण नियम वाचायची दोघांना कुठे सवय? सकाळी तो कामाला गेला की ती बसायची, संध्याकाळी तो. तिने मिळवायचं आणि त्याने घालवायचं, असं तीच हसून सांगायची. त्याला मात्र मनातून वाटायचं, की ती जरा उडाणटप्पूपणाने खेळते आणि आपण सांभाळून. तेवढं मोठेपण त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

गुरुवारी गणित्या आगारातून थेट आला.

"वेळेवरून वेगळे काढता येतील. तुम्ही घरी किती वाजता यायचात?"

"साडेसहाला बाहेर, तीनला घरी. तीनच्या आधीचं सगळं तिचं."

"आणि रविवारचं?"

"रविवारचं सोडून दे. रविवारी एकाच खुर्चीत अर्धं अर्धं बसून आम्ही भांडायचो. त्यातलं माझं कुठलं आणि तिचं कुठलं, ते आम्हालाही सांगता आलं नसतं."

गणित्याने रविवार काढून टाकले आणि उरलेल्या बारा हजार डावांचे दोन भाग पाडले. नऊ हजार तिचे, तीन हजार त्याचे. तिचा आकडा आला सतरा. त्याचा छत्तीस.

"छत्तीस," गणित्या म्हणाला. "भाऊजी, दार उघडं दिसलं की तुम्ही आत."

"पुढचं सांग. मारायचंच आहे तर एकदाच मार."

"पुढचं वाईट आहे. टेबलावरचा शेवटचा पत्ता उघडल्यावर समोरच्याने मोठी बोली लावली, की शंभरात एकाहत्तर वेळा तुम्ही पैसे भरून त्याचे पत्ते बघता. आणि त्यातल्या चौपन्न वेळा हरता."

"बघायला नको का त्याच्याकडे काय आहे ते?"

"बघायला पैसे पडतात."

"अरे, पण माणसाला कळलं तरी पाहिजे!"

"कळून काय करणार? तो जिंकल्याचं कळणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुम्हीही पत्ते टाकून द्या. त्याच्याकडे काय होतं ते त्याचं त्याच्यापाशी."

मीटरवाल्याला ते पटलं, म्हणजे डोक्याला पटलं. त्याने एका कागदावर लिहिलं: 'शेवटच्या पत्त्यावर मोठी बोली आली आणि आपल्याकडे नुसती एक जोडी असली, तर टाकून द्यायचं.' कागद त्याने भिंतीला चिकटवला. एवढ्यावर काम झालं होतं. गणित्या उठलाही असता, पण वेळापत्रकवाल्याला अर्धवट सोडवत नाही. तो म्हणाला, "ताईचे महिन्यांप्रमाणे लावून बघतो. तिचं काय चांगलं होतं ते तरी उचलू."

त्याने लावलं. पाच महिन्यांचे पाच आकडे एकाखाली एक आले.

सव्वीस. पंचवीस. अठरा. अकरा. सहा.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. त्यानंतर दीड महिन्यात ती गेली.

मीटरवाला आकड्यांकडे बघत राहिला. आकडे वाचायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या कार्यालयात एक जुना नियम होता: मागच्या महिन्यापेक्षा रीडिंग बरंच खाली आलं तर नुसतं लिहून पुढे जायचं नाही, दार वाजवायचं. मीटर बंद पडलेला असतो, घर रिकामं असतं, नाहीतर आत कुणीतरी पडलेलं असतं. एकोणतीस वर्षांत त्याने असं दार वाजवून दोन माणसं वाचवली होती. एक म्हातारा न्हाणीघरात पाय मोडून दोन दिवस पडला होता आणि एका बाईला तापात शुद्ध नव्हती. साहेबांनी त्याबद्दल त्याचा सत्कारही केला होता.

आणि इथे तो रोज तीन वाजता घरी येत होता, बूट काढत होता, विचारत होता, "आज किती डाव?"

"साठ-सत्तर."

"कसे?"

"मजा आली."

तो रोज आतच येत होता, म्हणून दार वाजवायची वेळ आली नाही.

"डाव मात्र तेवढेच आहेत," तो सावकाश म्हणाला. "दर महिन्याला अठराशेच्या आसपास. बसायची तेवढीच. पण खेळत नव्हती. सगळे पत्ते टाकून देत होती."

गणित्याने लॅपटॉप मिटला, जरा जोरातच. "मला निघायला हवं. उद्या सकाळची पाळी आहे."

"तुझी पाळी कसली? तू तर टेबलाशी बसतोस."

"म्हणजे, लवकर जायचंय," गणित्या म्हणाला आणि चप्पल अर्धवट पायात घालून गेला. मीटरवाल्याच्या ते लक्षात आलं. पण पाय दुखत होते, उठून त्याच्यामागे जाण्याचं त्राण नव्हतं. शिवाय रविवार डोक्यावर होता.

रविवारी गणित्या अडीचलाच आला आणि न सांगता शेजारी खुर्ची ओढून बसला. आज एक खुर्ची दोघांत करायची गरज नव्हती.

पहिला अर्धा तास गेला. मीटरवाल्याने नुसते पत्ते टाकले. टाकताना बोट दुखतं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. नव्वी-चौकी, टाक. गुलाम-तिर्री, टाक. पूर्वी गुलामाचं तोंड दिसलं की तो उतरायचाच.

"शाबास," गणित्या म्हणाला.

"शाबास काय, झोप येतेय."

"चांगला खेळ असाच असतो म्हणे. कंटाळवाणा."

"मग मी एकोणतीस वर्षं फारच चांगला खेळलोय."

दुसऱ्या तासाच्या शेवटी आठशेतले दोनशे दहा उरले होते. पहिल्या शंभरांना बक्षीस होतं. तेव्हा त्याला दोन राण्या आल्या. त्याने बोली वाढवली. सगळ्यांनी पत्ते टाकले, एक सोडून. टोपणनाव 'आळशी बोका'. टेबलावर तीन पत्ते उघडले, तिन्ही बारके. चौथा गुलाम. मीटरवाल्याची जोडी सगळ्यांच्या वर होती. मग शेवटचा पत्ता उघडला, आणि तो राजा निघाला. बोक्याने आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद कमी होत होते. तीस. एकोणतीस.

"याच्याकडे राजा नाही," मीटरवाला म्हणाला. "घाबरवतोय. मला पक्कं वाटतंय."

गणित्याने भिंतीवरच्या कागदाकडेही बघितलं नाही.

"असेल का रे?"

"मला काय माहीत?"

"तू एवढं वाचलंस ना!"

"वाचून समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, भाऊजी."

अकरा. दहा. मीटरवाल्याचा हात माऊसवर होता. एवढ्या वेळात पूर्वी त्याने तीनदा पैसे भरले असते. चार सेकंद उरले तेव्हा त्याने दोन राण्या टाकून दिल्या. बोक्याने मधलं सगळं ओढून घेतलं आणि पत्ते न दाखवता पुढचा डाव सुरू झाला.

"आता हे मला मरेपर्यंत कळणार नाही," मीटरवाला म्हणाला.

"नाही कळणार."

"वाईट आहे हे."

"हो. पण अजून बसलायत तुम्ही."

तो आणखी पाऊण तास बसला. एकशे एकतीस उरले असताना त्याला दोन एक्के आले. त्याने सगळं लावलं, समोरच्याने दहांच्या जोडीवर सगळं लावलं, आणि टेबलावर तिसरा दहा येऊन बसला. खेळ संपला. पडद्यावर आलं: तुम्ही एकशे एकतिसावे. बक्षीस एकतीस जागांवर राहिलं.

"हे बरोबर होतं," गणित्या घाईने म्हणाला. "यात तुमची काही चूक नाही. शंभरदा असंच खेळलात तर ऐंशीदा तुम्हीच जिंकाल."

"ठाऊक आहे." मीटरवाल्याने खुर्चीला पाठ टेकली. लाज वाटत नव्हती. आनंदही नव्हता. जागा वापरून झाली होती आणि नीट वापरली होती. आता तिचं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"गुरुवारी तू पळालास," तो म्हणाला.

गणित्याने माऊस उगीच इकडून तिकडे केला.

"ती तुला काही बोलली होती?"

"भाऊजी, आता त्याचं काय..."

"त्याचा काही उपयोग नाही, ठाऊक आहे मला. मी विचारतोय त्याला किंमत पडणार हे मला कळतंय. तरी सांग."

गणित्या खाली बघत बोलायला लागला. "चौथ्या महिन्यात मी दुपारी आलो होतो. ती इथे नव्हती, आत पलंगावर होती. लॅपटॉप पोटाशी घेऊन आडवी पडली होती. म्हणाली, खुर्चीत बसवत नाही, पाठीत काहीतरी भरतं. एका बोटाने पत्ते टाकत होती. बघतसुद्धा नव्हती सगळे. मी म्हटलं, मग बंद कर ना. म्हणाली, साठ तरी झाले पाहिजेत, हे आल्यावर विचारतात."

मीटरवाल्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मी म्हटलं, भाऊजींना सांगू. तर शपथ घातली. तुम्हाला तेव्हा ती टेकडीवरची वस्ती दिली होती, सगळे जिने. म्हणाली, त्यांच्या पायांचं एवढं चाललंय, त्यात माझ्या पाठीचं कुठे? पुढच्या महिन्यात जाते म्हणाली डॉक्टरकडे." गणित्याने माऊस बाजूला सारला. "आणि मी म्हटलं, बरं. मीच म्हटलं हो. वेळापत्रक करतो मी, कुठली बस किती उशिरा ते मला कळतं. आणि मी म्हटलं, बरं."

मीटरवाला म्हणाला, "लवकर गेलो असतो तर?"

"डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही."

"हं."

त्याला राग यायला हवा होता. त्याने आत शोधून पाहिला. असेलही कुठे, पण तो काढायला वाकावं लागलं असतं. समोर जो बसला होता त्याचाही चेहरा साडेचार महिने न झोपलेल्या माणसाचा होता.

"शंभरात सहा," मीटरवाला म्हणाला. "म्हणजे पाचव्या महिन्यात काही डाव तरी ती खेळली."

गणित्याने डोळे पुसून मनात गुणाकार केला. "एकशे आठच्या आसपास."

"ते काढता येतील? तिने टाकून दिलेले नकोत. खेळलेले."

गणित्याने लॅपटॉप जवळ ओढला. यादी यायला थोडा वेळ लागला. पहिल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. "पहिल्या तारखेचा, सकाळी नऊ चाळीस. नव्व्यांची जोडी. तिने वाढवलं, सगळ्यांनी पत्ते टाकले. तिने आपले दाखवलेही नाहीत."

"बरोबर खेळली?"

"एकदम बरोबर."

मीटरवाल्याने खुर्ची पुढे घेतली. "पुढचा लाव," तो म्हणाला. "सावकाश."